मोहेंजोदडोची घागर

आमच्या इतिहासाच्या मास्तरांना राजांचा मनापासून कंटाळा होता. पुस्तकात एखादा राजा आला की ते तोंड वाकडं करायचे, पान उलटायचे आणि म्हणायचे, "हा मेला. पुढे चला." मग खुर्ची सोडून टेबलाच्या कोपऱ्यावर बसायचे आणि एक पाय हलवत विचारायचे, "पण पोट्टेहो, तो मेला त्या दिवशी गावात भाजी कशाची होती?"

आम्ही काय सांगणार, कपाळ! कोणी म्हणायचं वांग्याची, कोणी म्हणायचं मेथीची. मास्तर प्रत्येक उत्तर मान डोलवत ऐकायचे आणि मग खरं ते सांगायचे. बाबिलोनचा माणूस कांदा कसा खायचा, इजिप्तची बाई पाणी भरायला कोणत्या वेळी निघायची, सुमेरच्या शाळेत ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनं कसं लिहायचे आणि बडबड केली म्हणून तिथल्याही पोरांना कसे फटके बसायचे. "पाहा, तेव्हापासून तुमचं असंच आहे," म्हणायचे. त्यांची एक सवय फार चांगली होती. कुठपर्यंत खरं आहे ते लपवायचे नाहीत. "इथपर्यंत सापडलंय," असं म्हणून हवेत बोटानं एक रेघ ओढायचे, "आणि इथून पुढे माझं." आम्हाला अर्थात रेघेपलीकडचंच जास्त आवडायचं.

मास्तर वऱ्हाडातले. एकटे. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, असं लोक म्हणत, त्यांनी स्वतः कधी तो विषय काढला नाही. आमच्या बुऱ्हाणपुरात, शनवाऱ्यातल्या एका खोलीत राहायचे. अंगात बारा महिने एकच काळा कोट, आणि त्या कोटाचे खिसे कायम लोंबलेले, कारण त्यात खापरं भरलेली. तापीच्या काठानं चालताना दिसेल ते खापर उचलायचं, थुंकी लावून पुसायचं, उन्हात धरून पाहायचं. शंभरातली नव्याण्णव गेल्या वर्षी फुटलेल्या माठांची असायची. ते आम्ही त्यांना सांगायचो, तर म्हणायचे, "मग काय झालं? गेल्या वर्षी कोणी पाणी पीत नव्हतं का?" गावानं त्यांचं नाव खापऱ्या मास्तर ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

तो काळ सगळा जोडाजोडीचा होता. देश नवा. संस्थानं विलीन झालेली, प्रांतांच्या रेघा पुसून नव्या ओढणं चाललेलं. आमच्या बुधवारा पेठेतल्या पानाच्या दुकानावर रोज तीच चर्चा. कोणी म्हणे आपण नागपूरकडेच राहणार, कोणी म्हणे मुंबईकडे जाणार, कोणी म्हणे कुठे नाही, गुपचूप हिंदीत बसा. आमच्या शाळेत मराठीचे वर्ग होते आणि हिंदीचे होते, आणि मराठीचे दरवर्षी विरळ होत चालले होते. त्या भानगडीत मास्तरांनी डोकं कधी घातलं नाही. एकदा वर्गातल्या एकानं विचारलं, "मास्तर, मोहेंजोदडो तर पाकिस्तानात गेलं ना, मग ते लोक आपले कसे?" मास्तर टेबलावरून उतरलेच. "अबे, ते लोक गेले तेव्हा ना पाकिस्तान होतं, ना तू होतास, ना तुझा बाप. ज्याला कोणी नाही तो सगळ्यांचा, समजलं?"

फाळणीनंतर गावात सिंधी लोक आले होते. त्यातल्या एका कापडवाल्याचं गाव मोहेंजोदडोपासून जवळ, हे कळल्यावर मास्तरांनी त्याच्या दुकानावर मुक्कामच ठोकला. तिथली माती कशी, विहिरी कशा, वीट कशी असते. तो बिचारा गिऱ्हाईक सांभाळत उत्तरं द्यायचा. एक दिवस वैतागला आणि म्हणाला, "मास्टरजी, पाँच हजार साल पुराने घर का पूछते हो. मेरे घर का भी तो पूछो कभी." मास्तर तिथेच ठाण मांडून बसले आणि दुपारभर त्या माणसाला त्याच्या सुटलेल्या घराबद्दल विचारत राहिले. चूल कोणत्या भिंतीला होती, खाट कुठे पडायची, अंगणात काय लावलं होतं. तो माणूस रडत रडत सांगत होता आणि मास्तर विचारत होते. दुसऱ्या दिवशी आमचा इतिहासाचा तास म्हणजे ते घर. आम्ही पाटीवर त्याचा नकाशा काढला.

असा माणूस. आता गावाला तो वेडा वाटला तर गावाचाही फार दोष नाही म्हणा. इजिप्तचा धडा चालू असताना त्यांनी आमच्याकडून जवाचं पीठ दळून घेतलं, त्यात तापीची चिमूटभर रेती टाकली आणि भाकरी भाजून प्रत्येकाला चतकोर दिली. "त्यांचं जातं दगडाचं, वारा वाळवंटाचा, म्हणून त्यांच्या घासात नेहमी रेती. खा." आम्ही थू थू करत बाहेर पळालो. ते मात्र शांतपणे कचकच चावत म्हणत होते, "ह्यानंच त्यांचे दात झिजायचे." संध्याकाळी एका पोराचा बाप भांडायला आला, "पोराला रेती चारता?" मास्तरांनी त्यालाही चतकोर भाकर दिली.

मी रोज रात्रीच्या जेवणाला हे सगळं घरी सांगायची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कापसाच्या जिनमध्ये वजनकाट्यावर होते. शिक्षण जेमतेम, पण ऐकायची हौस दांडगी. मोहेंजोदडोच्या लोकांची दगडाची वजनं गावोगाव सारखी सापडली, हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. "गावोगाव सारखी? आणि मग व्यापारी काटा कुठे मारत असतील?" माय तव्यावरून म्हणाली, "पोरीले काटा मारणं शिकवा आता." पण दुसऱ्याच दिवशी अण्णा मास्तरांना गाठायला शाळेत गेले आणि त्यांना घरीच घेऊन आले. त्यानंतर मास्तर आमच्याकडे वरचेवर यायला लागले. दोघं ओट्यावर बसायचे. मास्तर बोलायचे, अण्णा मधून मधून "वा वा, काय लोक होते" म्हणायचे. माय माझ्याकडून चहा पाठवायची आणि स्वतः दाराआड उभी राहून ऐकायची. मास्तरांना गावात घर असं एकच होतं, ते आमचं.

आता आखाजीचं सांगते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. कुंभाराकडची नवी घागर आणायची, पाण्यानं भरायची, वर लहान गाडगं, त्यावर डांगर ठेवायचं. खरबुजाला आम्ही डांगर म्हणतो. सांजोरी, आंबा, जे असेल ते पुढे मांडायचं. उन्हाळा असा की जिवंत माणसाचा घसा कोरडा पडतो, तर गेलेल्यांची तहान कोण भागवणार, म्हणून हे. आणि एक गोष्ट घराघरात पक्की. ज्याचे आईबाप हयात आहेत, त्यानं घागर भरायची नाही.

मास्तर वऱ्हाडातले असले तरी हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या शाळेत ते कोरी लाल घागर काखेत घेऊन आले. टेबलावर ठेवली आणि पाय न हलवता बोलले. "उद्या तुमच्या घरोघरी घागरी भरतील. मोहेंजोदडोच्या लोकांची कोण भरणार? त्यांनीही आपल्या माणसाला पुरताना उशाशी मडकी ठेवली होती, ते सापडलंय. त्यांना वाटलं होतं, मागचे लोक आपल्यासाठीही ठेवतील. मागे कोणी राहिलंच नाही रे. आपण भरू." मग एकेकानं उठून फुलपात्रानं पाणी घातलं. डांगर मी ठेवलं. मास्तरांनी आदल्या संध्याकाळी ओट्यावर अण्णांना हे सांगितलं होतं, म्हणून ते अण्णांनी बाजारातून स्वतः निवडून, वास घेऊन आणलं होतं. मायनं सकाळीच हरकत घेतली होती. "जित्या बापाच्या पोरीनं घागरीले हात लावू नाई." अण्णा हसले होते. "अगं, ती काय माझी घागर आहे? त्या बिचाऱ्या लोकांची आहे. कोणी तरी पाजायला नको त्यांना पाणी?"

आखाजी झाली आणि आठवड्याभरात अण्णा गेले.

ते बहादरपूरला आत्याकडे गेले होते, केळीच्या बागेच्या वाटणीचं काही बोलायला. भर दुपारी परत निघाले. सगळे थांबा म्हणत होते, पण त्यांना काट्यावर हजर व्हायचं होतं. घरी आले ते अंगाची लाही घेऊन. मायनं कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं, ओल्या चादरीत गुंडाळलं. डॉक्टर येऊन गेले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत सगळं संपलं. आमच्याकडे वैशाखात ऊन लागून माणसं जातात. दरवर्षी जातात. हे मी आता सांगते, तेव्हा कोण ऐकणार होतं?

आत्या बहादरपुराहून आली ती ओट्यावर पाय ठेवण्याआधीच ओरडली, "घागर भरली ना पोरीनं! जित्या बापाची घागर भरली!" झालं. बुधवाऱ्यात बोळाबोळांतून ती गोष्ट फिरली. खापऱ्या मास्तरानं पोरांकडून भुतांची घागर भरवली, एकाचा बाप गेला, आता दुसऱ्याचा जाईल. वर्गात ज्या ज्या पोरांनी पाणी घातलं होतं, त्यांच्या घरी दृष्टी काढल्या. माझ्याकडे बायका अशा बघायच्या की मी मायच्या पदराआड लपायची. आणि खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटत होतं. डांगर मी ठेवलं होतं ना.

मास्तर तिसऱ्या दिवशी बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. मी ओट्यावर होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. कोटाच्या खिशात दोन्ही हात घालून ते बराच वेळ उन्हात उभे होते. आत आले नाहीत.

उन्हाळ्याची सुट्टी संपली. शाळा उघडली तर मराठीचा वर्ग निम्मा रिकामा. बरीच पोरं हिंदीकडे गेली होती. मराठीचं काही खरं नाही, असं त्यांचे बाप म्हणत, आणि घागरीचंही म्हणत. हेडमास्तर घाबरले. एका सकाळी ते आमच्या घरी आले. आत्या अजून आमच्याकडेच होती. हेडमास्तर ओट्याच्या काठावर बसून म्हणाले, "बाई, स्पष्ट विचारतो. लोक म्हणतात मास्तरांना काढा. तुमच्या घरचं माणूस गेलं. तुमची तक्रार असेल तर मला त्यांना ठेवता येणार नाही. नसेल, तर मी लोकांचं बघून घेतो." सगळं मायच्या एका शब्दावर होतं.

आत्या म्हणाली, "सांग वहिनी."

मायनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "ऊन लागून गेले ते. डांगर त्यांनीच आणून दिलं व्हतं. तक्रार कायची?"

"अगं वहिनी!"

"तुमच्याकडून निघाले व्हते ते, भर उन्हात. मी तुमची तक्रार केली का?"

आत्या त्यानंतर मास्तरांबद्दल बोलली नाही. माझ्याबद्दल मात्र बोलत राहिली. बाप नाही, आता शाळा कायले, पोरगी बहादरपूरला पाठव, माझ्या हाताखाली कामाला लागेल. माय हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही.

तर मास्तर राहिले. आणि मला इतका आनंद झाला होता, काय सांगू. वाटलं, निदान हे तरी जागेवर आलं. ते वर्गात आले, खुर्चीवर बसले. टेबलावर बसले नाहीत. पुस्तक उघडलं आणि पहिल्या राजाचं नाव वाचलं. त्याचा बाप कोण, गादीवर कधी बसला, लढाया कोणाशी केल्या, कारणं कोणती, परिणाम कोणते. मग दुसरा राजा. फळ्यावर नावं एकाखाली एक, सुरेख अक्षरात. सगळ्या तासात त्यांनी आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. कोट तोच, पण खिसे सपाट. असे दिवसामागून दिवस. तपासनीस आले तेव्हा त्यांनी मास्तरांची पाठ थोपटली. आता वर्गात शिस्त दिसते म्हणाले. मला संताप आला होता. अजून येतो.

घरी माय विचारायची, "आज काय सांगितलं मास्तरांनी?" मी म्हणायची, "राजे." काही दिवस तिनं ऐकून घेतलं. मग एक दिवस ती म्हणाली, "बोलाव त्यांले."

मास्तर आले. अण्णा गेल्यावर पहिल्यांदाच ओट्यावर चढले. अण्णा बसायचे ती जागा सोडून दुसऱ्या टोकाला बसले. माय पहिल्यांदाच दाराआडून बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली. मास्तरांनी अण्णांचं नावही काढलं नाही. ज्या माणसानं परक्या कापडवाल्याला त्याची चूल कोणत्या भिंतीला होती ते विचारलं, त्याला आमच्या दारात बसून आमच्या माणसाचं नाव घेता येईना.

शेवटी मायच बोलली. "मास्तर, मले एक विचारायचंय. इतके दिवस पोरीच्या तोंडून ऐकलं, तुमच्या तोंडून ऐकलं. ते लोक काय खाये, कुठे न्हाये, पोरं काय खेळे. त्या गावच्या एखाद्या बाईचा माणूस गेला, तर मग ती काय करे?"

मास्तरांनी वर पाहिलं नाही. "ते सापडलेलं नाही, बाई."

एरवी एवढं म्हटल्यावर त्यांचं बोट हवेत उठायचं आणि त्यांचं स्वतःचं सुरू व्हायचं. मी वाट पाहत होते. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. एवढा मोठा माणूस, आमच्या ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. "मी पोरांना ते करायला नको होतं," म्हणाले. "मला काय माहीत नव्हतं का? मला माहीत होतं."

"असं नका बोलू," माय म्हणाली. "तुमच्याकडे नाई सापडलं तर मी सांगते, ऐका. सकाळी उठून ती चूल पेटवे. मनात नसलं तरी पेटवे. दोन भाकरी जास्तीच्या थापल्या जाये तिच्या हातून, सवयीनं. मग ती पोरीची वेणी घाले आणि तिले शाळेत धाडे. बस, एवढंच. हे पोरांले सांगा तुम्ही. राजे राहू द्या."

शाळेत धाडे, हे मी ऐकलं. आत्याही दाराआडून ऐकत होती.

मास्तर कोटाच्या बाहीनं तोंड पुसून उठले. मान डोलवली. हो म्हणाले का नाही, मला नीट ऐकू आलं नाही. त्याच वर्षी पुढे प्रांतांची वाटणी झाली. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं, वऱ्हाड मुंबईकडे गेलं, आणि मास्तर वऱ्हाडाकडे बदली मागून निघून गेले. आम्हाला कोणाला भेटले नाहीत. मराठीचा आमचा वर्ग त्यानंतर फार टिकला नाही. पण ते सगळं पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं माझी वेणी घातली. फार घट्ट घातली. मी वर्गात सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या बाकावर बसले. आज मास्तर काय सांगणार ते एकट्या मला माहीत होतं. ते आले. टेबलाच्या कोपऱ्याशी क्षणभर थांबले, त्यावर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग वळसा घालून खुर्चीवर बसले, पुस्तक उघडलं आणि पुढच्या राजाचं नाव वाचलं.

मी वही काढली आणि ते उतरवून घेतलं. मायनं पाठवलं होतं मला.